फुंकण्याचे पैसे

सोमवारी टे नदीवरून धुकं चढत येतं डंडीच्या उतारावर
आणि त्या धुक्यातून रिकामी पिशवी घेऊन सेंगा गोरली.
आजीचं अ‍ॅग्नेस हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की सेंगा.
'माझं सगळंच उलटं,' ती म्हणते,
'लोक दुकानात पैसे देतात, मी श्वास देते.'

मी औषधांच्या दुकानात, काउंटरमागे.
काम अवघड नाही:
यंत्राला नवी कागदी नळी लावायची,
सांगायचं, घे, रोख, मी पंधरा मोजते, आता सोड.
आकडा सहाच्या आत आला
तर दहा पाऊंडांचं कूपन, वाणसामानाचं.
त्यावर दारू नाही, लॉटरी नाही,
आणि ते तर नाहीच नाही.

पंधरा सेकंद पुष्कळ असतात.
सेंगा तेवढ्यात कुरुपांवरच्या पट्ट्यांची किंमत वाचते.
मार्चमध्ये बाप होणारा तो कॅलम
डोळे घट्ट मिटतो, जणू कोणी सुई टोचणार आहे.
आणि बाराच्या पुढे
सगळेच दिसतात फळ्यापाशी उभं केल्यासारखे.

एकदा रांगेतून मिस्टर पिटकेथली बोलले,
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले:
'जन्मात एक ओढली नाही मी. माझं कूपन कुठाय?
ही सरळ सरळ लाच झाली.'
सेंगा वळली.
'लाच मी देत होते, चाळीस वर्षं, दिवसाला वीस.
दर वेळी म्हणायचे, हे घे बाबा,
आणि पाच मिनिटं मला एकटीला सोड.'
पिटकेथलींनी गोळ्या न मोजताच खिशात टाकल्या.

तिसऱ्या आठवड्यात तिने खिमा घेतला, सलगम घेतले.
पाचव्या आठवड्यात चेरी, अवेळी, महाग.
बसमध्येच संपवल्या म्हणाली,
आणि बिया ठेवल्या कोटाच्या त्या खिशात
जिथे लायटर राहायचा.

नवव्या सोमवारी आकडा आला चौदा.
'शनिवारी,' ती म्हणाली, 'मुलीचा फोन आला होता.'
यंत्राला शनिवार आठवत नाही.
त्याला कालचंही जेमतेम आठवतं.
हे तिलाही ठाऊक होतं, मलाही,
म्हणून मी काही बोलले नाही, नुसतं लिहिलं, चौदा.
ती पिशवीची घडी घालत राहिली,
घडी आगपेटीएवढी होईपर्यंत.

त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी नवी नळी लावली.
मागच्या दारी, कचऱ्याच्या डब्यांजवळ,
विटेच्या फटीत माझं पाकीट असतं;
योजना कर्मचाऱ्यांना लागू नाही.
घेतला. रोखला. मोजायला कोणी नव्हतं,
नऊनंतर माझी मोजणी चुकली.
तेवीस.
हा आकडा मी कुठेच लिहिला नाही.

मंगळवारी सकाळी दारात सेंगा.
'आज सोमवार नाही,' मी म्हटलं.
'कळतं मला. मोज.'
सात.
'सातावर काही मिळत नाही, सेंगा.'
'मी मागितलं का?'
मग तिने डब्यातून दुसरी नळी काढली,
माझ्यापेक्षा सराईतपणे बसवली,
आणि यंत्र माझ्याकडे फिरवलं.
'तुझ्या कोटाला वास येतो, पोरी.
पहिल्या सोमवारपासून येतोय.
आधी मला वाटायचं माझाच.'

बाहेर धुक्यात बस थांबली, निघून गेली.
नळीचा पुठ्ठा ओठांना कोरडा लागला.
घे, ती म्हणाली. रोख.
आणि मोजू लागली, माझ्याहून कितीतरी सावकाश,
एकेक आकडा चेरीच्या बीसारखा चघळून
तळहातावर ठेवत:
नऊ. दहा.
खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.
अकरा.